दिसणं आणि ओळखणं

आमच्या घरात एक काशाची वाटी आहे. सासूबाईंच्या माहेरची. घरात कुणाला उष्णता झाली, डोळे चुरचुरायला लागले, की तळपायाला तूप लावून त्या ही वाटी घासत बसायच्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत, मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत, ह्यांच्या तापात ती वाटी त्यांच्या हातात असायचीच. पन्नास वर्षं हाताळलेली वस्तू.

एका सकाळी ती वाटी समोर असताना त्यांनी ओळखली नाही.

मी म्हटलं, "आई, ती वाटी द्या जरा इकडं."

"कुठली गं?"

"तुमच्या समोरच आहे की."

त्यांनी बघितलं. अगदी वाटीकडंच बघितलं. म्हणाल्या, "गोल काय तरी दिसतंय बघ. झाकण म्हणायचं का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण मग हे रोजच व्हायला लागलं. सांडशीकडं बघून "कात्री का?" म्हणायच्या. दारात उभ्या असलेल्या धाकट्या दिरांना "कोण पाहिजे?" विचारायच्या, आणि ते बोलले की लगेच "अरे, तू होय!" चालताना मात्र कुठं अडखळत नव्हत्या. उंबरा नीट ओलांडायच्या. पाण्याचा तांब्या पुढं केला की हात बरोबर त्याच्या गळ्याशी जायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय, नजर उत्तम आहे.

मग काय राहिलं? घरात सगळ्यांचं ठरून गेलं. कुणी म्हणालं म्हातारचळ, कुणी म्हणालं सगळ्यांचं लक्ष आपल्याकडं असावं म्हणून. एका दिवशी माझाही तोल गेला. मी म्हटलं, "आई, आता हे सोंग पुरे करा."

त्या काही बोलल्या नाहीत. हात पुढं केला, बोटांनी वाटीची कड चाचपली आणि क्षणात म्हणाल्या, "अगं, ही तर माझी वाटी!"

आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, बघा, सोंग उघडं पडलं. हात लावल्यावर ओळखता येतं, मग बघून का येत नाही?

पुढं दीड-दोन महिन्यांनी त्यांना चक्कर आली म्हणून डोक्याचा स्कॅन केला. मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा एक डाग दाखवला. रक्तवाहिनी बंद होऊन तेवढा भाग मेलेला होता, तोही दोन-तीन महिन्यांपूर्वीच. ते म्हणाले, "यांचे डोळे बघतात. पण बघितलेलं काय आहे, ते मेंदूला कळत नाही."

सासूबाई त्यानंतर तीन वर्षं होत्या. त्या गेल्यावर मी वाचायला लागले. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई, मला शास्त्रातलं फारसं कळत नाही. पण कुठल्याही गोष्टीचा इतिहास लावून घ्यायची सवय कॉलेजनं लावली, ती सुटली नाही. दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, हे माणसाला कधी कळलं, कसं कळलं, एवढंच मला हवं होतं.

पहिला धागा घरातच सापडला. लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्यांनीच मतिज्ञानाचे चार भेद घोकलेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात ते येतात. घोकले खरे, पण त्यांचा अर्थ मनात कधी उतरला नव्हता. पूज्यपादस्वामींनी सर्वार्थसिद्धीत त्याला जे उदाहरण दिलंय, ते मी चाळिशीनंतर स्वाध्यायात ऐकलं. लांबवर काहीतरी पांढरं दिसतं, हा अवग्रह. हे काय असावं, बगळी की पताका, असं मन शोधू लागतं, ती ईहा. ते वरखाली होतंय, पंख हलवतंय, म्हणजे बगळीच, हा निश्चय म्हणजे अवाय. आणि सकाळी पाहिली तीच ही बगळी, असं नंतर आठवणं, ती धारणा.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलात, तर हे चारही टप्पे स्वतःवर करून बघता येतात. १२०४ सालची ही बस्ती. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर आधी नुसता काळोख आणि वर काहीतरी लोंबणारं. मग डोळे सरावतात, मन विचारतं, हे झुंबर की काय? मग पाकळ्या सुट्या होतात आणि कळतं, दगडात कोरलेलं कमळ. घरी आल्यावर डोळे मिटले तरी ते दिसतं.

आता, आपल्या ग्रंथांत आजचं सगळं शास्त्र आधीच होतं, असं म्हणायची मला हौस नाही. तिथं विचार चाललाय तो जीवाच्या ज्ञानाचा. मेंदूचा तिथं प्रश्नच नाही. पण एक गोष्ट त्या लोकांनी नुसत्या बारीक निरीक्षणानं पकडली होती. बघणं ही एक क्रिया नाही, ती पायऱ्यांची वाट आहे. आणि पायऱ्या असतील तर मधलीच एखादी पायरी तुटू शकते. हे मात्र घोकताना मला कधी सुचलं नाही.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या दारानं आला. १६८८ साली आयर्लंडमधल्या डब्लिनच्या विल्यम मॉलिनो या विद्वानानं जॉन लॉक या तत्त्वज्ञाला एक कोडं लिहून पाठवलं. जन्मांध माणूस आहे. गोळा कोणता आणि चौकोनी ठोकळा कोणता, हे त्याला हातानं ओळखता येतं. उद्या त्याला दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू समोर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं बघून त्याला सांगता येईल का? मॉलिनोचं स्वतःचं उत्तर होतं, नाही येणार. लॉकलाही ते पटलं आणि त्यानं आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत हे कोडं छापलं. पुस्तकांतून याची चर्चा पंडितांचा वाद म्हणून येते. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. मॉलिनोची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत आंधळी झाली होती. ज्या घरात बाई रोज भांडी चाचपून ओळखते, त्या घरातून हे कोडं निघालं होतं.

पुढं १७२८ साली लंडनमधल्या विल्यम चेझल्डन या शस्त्रवैद्यानं एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. अगदी लहानपणापासून आंधळा असलेल्या या मुलाच्या डोळ्यांवर त्यानं शस्त्रक्रिया केली. मुलाला दिसायला लागलं, पण दिसतंय ते काय, हे कळेना. घरातलं मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं, यात तो सारखा घोटाळायचा. विचारायची लाज वाटायला लागली, तेव्हा त्यानं एक दिवस मांजर उचललं, हातानं चाचपून ते मांजरच आहे याची खात्री केली, मग त्याच्याकडं टक लावून बघितलं आणि खाली सोडताना त्याला सांगितलं, की यापुढं मी तुला ओळखीन.

हे वाचताना मी पुस्तक मिटलं. सासूबाईंची बोटं वाटीच्या कडेवरून फिरत होती, ती मला दिसली. त्या मुलाचा हात त्याच्या डोळ्याला शिकवत होता. सासूबाईंच्या डोळ्यांना जे सापडेना, ते त्यांचा हात शोधून देत होता. आणि मी म्हणत होते, सोंग.

यानंतरचा इतिहास सांगताना मला थोडं जड जातं. १८७७ नंतरच्या चार-पाच वर्षांत बर्लिनमध्ये हेर्मान मुंक या शास्त्रज्ञानं कुत्र्यांच्या मेंदूचा मागचा काही भाग काढून टाकला. ती कुत्री हिंडत होती, कशावर आदळत नव्हती, म्हणजे त्यांना दिसत होतं. पण खाण्याचं भांडं समोर असून त्यांना ते खाण्याचं म्हणून कळेना. चाबूक दाखवला तरी भीती वाटेना. ओळखीचा माणूस परका झाला. मुंकनं याला नाव दिलं, आत्म्याचं आंधळेपण. त्याच्या मते बघितलेल्या वस्तूंची जी चित्रं मेंदूत साठलेली असतात, तीच गेली होती.

अडखळत नाहीत, पण ओळखत नाहीत. आमच्या घरात ज्या गोष्टीवरून सोंग ठरलं, तीच गोष्ट तिकडं शंभर वर्षांपूर्वी आजाराची खूण म्हणून नोंदलेली होती. मला ती माहिती हवीच होती. पण ती मिळवताना त्या मुक्या जिवांचं काय झालं, हेही मी विसरू शकत नाही. पाणी गाळून पिणाऱ्या घरातली मी. त्या कुत्र्यांच्या वेदनेतून आलेलं ज्ञान मी वापरते आहे, हे मला मान्य करावं लागतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

म्हणूनच की काय, यानंतरचा माणूस मला जवळचा वाटतो. हाइनरिख लिसाउअर. ब्रेस्लाउ नावाच्या शहरात, आज ते पोलंडमध्ये आहे, कार्ल वेर्निके या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली तो काम करायचा. त्याच्याकडं ऐंशी वर्षांचा एक व्यापारी आला. डोक्याला मार लागल्यापासून या म्हाताऱ्याला वस्तू ओळखेनाशा झाल्या होत्या. कोट आणि विजार यांत गल्लत व्हायची. भिंतीवरची चित्रं त्याला पेट्या वाटायच्या, हरवलेली वस्तू तो त्यांत शोधायला जायचा. वस्तू हातात दिली किंवा तिचा आवाज ऐकवला, की मात्र ओळखायचा.

लिसाउअरनं त्याच्यावर सुरी चालवली नाही. तो त्याच्यासमोर बसला. एकेक वस्तू दाखवत गेला, विचारत गेला, लिहीत गेला. नुसत्या डोळ्यांनी काय कळतं, हात लावल्यावर काय कळतं, रेघा आणि आकार यांतला फरक कळतो का. १८९० साली त्यानं हे सगळं छापलं. त्याचं म्हणणं असं, की ओळखण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर डोळ्यांनी आणलेल्या तुकड्यांतून एक आकार उभा राहतो. दुसऱ्या पायरीवर तो आकार आपल्या जुन्या माहितीशी जोडला जातो: हे कशाचं आहे, कशाला वापरतात, कुठं ठेवतात. पहिली पायरी तुटली तर आकारच जुळत नाही. दुसरी तुटली तर आकार नीट दिसतो, पण तो मुका राहतो.

सासूबाईंना "गोल काय तरी" दिसत होतं. म्हणजे आकार उभा राहत होता. त्याचा "वाटी" होत नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर अवग्रह झाला, ईहेत मन घोटाळलं, अवायापर्यंत पोचलंच नाही. हा लिसाउअर पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी सिग्मुंड फ्रॉइडनं आपल्या पुस्तकात या आजाराला 'अग्नोशिया' हे नाव वापरलं. ग्रीक शब्द, अर्थ अगदी सरळ: न जाणणं. डॉक्टर आजही तेच नाव लिहितात. आमच्या फाइलवरही तेच लिहिलेलं होतं.

पण मेंदूत हे घडतं कुठं? याचं उत्तर युद्धानं दिलं. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात नव्या तऱ्हेच्या बंदुका होत्या. त्यांची गोळी बारीक आणि इतकी वेगवान, की कधी कधी ती कवटीच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघून जायची आणि शिपाई जिवंत राहायचा. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडं काम होतं, या शिपायांची नजर किती गेली हे ठरवण्याचं, म्हणजे त्यांना पेन्शन किती द्यायचं ते सरकारला कळेल. त्यानं नुसता आकडा लिहून काम संपवलं नाही. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, हे मोजायला त्यानं एक उपकरणच तयार केलं. मधे मेंदूचा कोणता भाग चिरला गेला असेल, हे काढलं आणि त्या शिपायाला समोरचं नेमकं कुठलं दिसत नाही, याच्याशी ते ताडून बघितलं. १९०९ साली त्याचं पुस्तक जर्मनमध्ये निघालं. आपण जिथं अंबाडा बांधतो, साधारण त्याच्या आतल्या बाजूला समोरच्या दृश्याचा जणू नकाशा मांडलेला असतो, हे त्यातून दिसलं. आणि नजरेच्या मधोमध जे येतं, त्याला या नकाशात सगळ्यात जास्त जागा. सुई ओवताना आपण दोरा मधोमध का धरतो, ते यावरून समजतं.

१९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोरला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघं मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा आवाज ऐकत होते. पडद्यावर काळे-पांढरे ठिपके दाखवत होते, पेशी गप्प. काचपट्टी बदलताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी एकदम कडाडली. तिला ठिपका नको होता, तिला एका विशिष्ट दिशेनं जाणारी रेघ हवी होती. म्हणजे मेंदू चित्र एकदम घेत नाही. आधी रेघा, मग कोपरे, मग आकार, अशी त्याची मांडणी चालते. रांगोळी काढताना आपण आधी ठिपके मांडतो, मग रेघा ओढतो, मग त्यातून कासव दिसायला लागतं, तसंच काहीसं. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. चार्ल्स ग्रॉस आणि त्याचे सहकारी मेंदूत अजून पुढं, कानशिलाच्या आतल्या भागात गेले. १९७२ साली त्यांनी माकडाच्या मेंदूतल्या अशा पेशीविषयी लिहिलं, जी रेघेला, उजेडाला, कशालाच दाद देत नव्हती. कंटाळून कुणीतरी पडद्यासमोर हात हलवला, तेव्हा ती पेशी जागी झाली. तिला हाताचा आकार हवा होता.

चेहऱ्यांसाठी तर वेगळीच सोय असते. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरनं १९४७ साली महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या माणसांविषयी लिहिलं, त्यांना चेहरे ओळखू येत नव्हते. पुढं १९९७ मध्ये अमेरिकेत नॅन्सी कॅनविशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं, की मेंदूच्या खालच्या अंगाला एक जागा चेहरा बघताना इतर वस्तूंपेक्षा जास्त जागी होते. धाकट्या दिरांना "कोण पाहिजे?" का विचारलं गेलं, ते मला असं उमगलं.

तरी एक गाठ सुटली नव्हती. ओळखता येत नाही, तर तांब्याच्या गळ्याशी हात बरोबर कसा जायचा? घरातल्यांचा सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. याचं उत्तर एका बाईनं दिलं. तिचं नाव डॉक्टरांनी जपलं, डी. एफ. एवढीच अक्षरं लिहिली. १९८८ साली न्हाणीत असताना पाणी तापवायच्या उपकरणाचा विषारी धूर कोंडून ती बेशुद्ध पडली. वाचली, पण वस्तूंचे आकार तिला कळेनासे झाले. तिच्यासमोर पत्रपेटीसारखी एक फट धरली. ही फट उभी आहे की आडवी, हे तिला सांगता येईना. मग तिच्या हातात कार्ड दिलं आणि म्हटलं, यात टाका. तिनं हात बरोबर वळवला आणि कार्ड टाकलं! मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी १९९२ साली यावरून मांडलं, की डोळ्यांकडून आलेल्या माहितीच्या मेंदूत दोन वाटा होतात. एक खालून कानशिलाकडं जाते, ती सांगते हे काय आहे. दुसरी वरून टाळूकडं जाते, ती हाताला सांगते हे कसं धरायचं. एक वाट बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते.

सासूबाईंची वरची वाट चालू होती. त्यांचा हात खोटं बोलत नव्हता आणि तोंडही खोटं बोलत नव्हतं.

राहिली धारणा. बघितलेलं किती साठतं? लायोनेल स्टँडिंग या संशोधकानं १९७३ साली छापलेला प्रयोग ऐकून मी चकितच झाले. माणसांना पाच दिवसांत दहा हजार चित्रं दाखवली, प्रत्येक चित्र पाच सेकंद. नंतर एक बघितलेलं आणि एक न बघितलेलं चित्र शेजारी ठेवून विचारलं, यातलं कोणतं बघितलंत? शंभरात सुमारे त्र्याऐंशी वेळा उत्तर बरोबर आलं. वाण्याची यादी आपण विसरतो, पण पंचवीस वर्षांपूर्वी लग्नात कुणी कुठली साडी नेसली होती, ते आठवतं, याचं आता मला नवल वाटत नाही.

ही साठवण होण्यासाठीही मेंदूत एक दार लागतं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे झटके थांबावेत म्हणून डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही कानशिलांच्या आतला थोडा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण राहीना. जुने दिवस आठवायचे, आत्ता भेटलेला माणूस मिनिटाभरात अनोळखी व्हायचा. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनं त्याला वर्षानुवर्षं तपासलं. आरशात बघून चांदणी गिरवायला तिनं त्याला शिकवलं. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटायचं, हे मी पहिल्यांदाच करतोय. २००८ साली तो वारला. हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची आठवण वेगळी, हे जगाला त्याच्यामुळं कळलं.

सासूबाईंचं उलट होतं. त्यांची धारणा शाबूत होती. एकदा त्यांना कमल बस्तीत घेऊन गेले. त्यांनी वर बघितलं. "दगडाचं काय तरी लोंबतंय," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, डोळे मिटा. आपल्या बस्तीतलं कमळ कसं आहे, सांगा." त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागल्या. एकात एक पाकळ्यांचे फेर, मधे खाली आलेला गाभा, आणि नव्या नवरी म्हणून पहिल्यांदा आल्या तेव्हा वर बघता बघता पदर कसा घसरला, तेसुद्धा. उघड्या डोळ्यांना जे सापडेना, ते मिटल्या डोळ्यांपुढं उभं होतं. पुढं वाचताना कळलं, कॅनडातल्या एका रुग्णाविषयी १९९२ साली असंच छापून आलंय. तो आठवणीनं वस्तूंची सुंदर चित्रं काढायचा आणि नंतर स्वतःचीच चित्रं बघून त्याला ती ओळखायची नाहीत. कोठार भरलेलं, पण डोळ्यांकडून तिथं जाणारा रस्ता मोडलेला.

मॉलिनोच्या कोड्याचं उत्तर शेवटी मिळालं ते आपल्या देशात. पवन सिन्हा हे अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले प्राध्यापक. जन्मांध पण इलाज होण्यासारख्या मुलांवर उपचार करायचे आणि त्यांना दिसायला कसं लागतं याचा अभ्यासही करायचा, असा 'प्रकाश' नावाचा प्रकल्प त्यांनी दिल्लीत उभा केला. २०११ साली त्यांनी पाच मुलांविषयी लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर लगेच, हातानं चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेनं निवडायला सांगितल्यावर त्यांना ती जवळजवळ नशिबानंच सापडत होती. म्हणजे मॉलिनो खरा ठरला. पण त्यातल्या काही मुलांना थोड्याच दिवसांत हे जमायला लागलं. इथं ज्ञान मिळवताना कुणाचं काही हिरावलं नाही, उलट मुलांना दृष्टी मिळाली. मुंकच्या कुत्र्यांनंतर मन शांत करणारी ही गोष्ट मला सापडली.

फिल्म बघितल्यानंतर आमच्या घरात काय बदललं, तेही सांगते. सासूबाईंना वस्तू दाखवायची नाही, हातात द्यायची, असं ठरलं. पातेलं-तांब्याच्या जागा पक्क्या केल्या. त्यांच्या खोलीत जाताना आपलं नाव सांगायचं, हे नातवंडांनाही शिकवलं. मला मात्र नाव सांगायची गरज पडली नाही, माझ्या बांगड्यांवरून त्या मला ओळखायच्या. एकदा त्यांच्या पायाशी बसून मी त्या शब्दाची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुला तरी काय कळणार गं? मलाच कळत नव्हतं."

म्हणून मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. घरातलं वडीलधारं माणूस अचानक ओळखीची वस्तू, ओळखीचा चेहरा ओळखेनासं झालं, एका बाजूचं दिसेनासं झालं, तर वय झालं म्हणून सोडू नका आणि सोंग तर मुळीच म्हणू नका. उद्यावर न टाकता त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात न्या. मेंदूचा रक्तपुरवठा अडला असेल, तर पहिले काही तासच मोलाचे असतात. आमचे ते तास गेले.

आता घरात नात आली आहे, दहा महिन्यांची. परवा तिनं ती काशाची वाटी कुठून तरी ओढून काढली. आधी नुसती बघत बसली. मग दोन्ही हातांनी धरून फिरवली, तोंडात घालून चावून बघितली, फरशीवर आपटली. आवाज झाला तशी हसली आणि परत आपटली. सूनबाई ती काढून घ्यायला धावली. मी म्हटलं, "असू दे गं तिच्या हातात. तिला ओळख करून घेऊ दे."